आक्का वाळवण राखते

मी पत्रकं लिहिते. रागानंच लिहिते, शांतपणे पत्रक लिहिता येतं असं मला अजून कुणी शिकवलेलं नाही. बेळगावातला आमचा छापखानेवाला म्हणतो, "बाई, तुमचं पत्रक जुळवायला घेतलं की माझ्या खणातली उद्गारचिन्हं संपतात. बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं?" म्हणून आज ती चिन्हं त्याच्या खणातच राहू दिली आहेत. हे पत्रक नाही. थोडं झोडपणं ह्यातही होईल, हाताला सवय आहे. पण मला मुख्यतः काही माणसांचे उपकार मानायचे आहेत. त्यातल्या एका बाईपुढं मी तोंडानं आभार मानायला गेले तर ती म्हणेल, "गप बस. लई शिकल्यागत बोलू नगंस." तेव्हा लिहिलेलं बरं.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची.

आमचे आप्पा निपाणीत शाळामास्तर. आई बोरगावकडच्या शेतकरी घरातली. तिचं सगळं वय उन्हात गेलं, तंबाखूच्या रानात खुडणीला वाकून वाकून पाठीचं कातडं करपलेलं. आक्काला बेळगावातल्या एका मोठ्या घरचं स्थळ आलं आणि त्या घरात गोशा आहे असं कळलं, तेव्हा आई आनंदानं रडली. गोशा म्हणजे घरच्या लेकीसुनांनी परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. देवळाला जायचं तरी पडदा बांधलेल्या टांग्यातून. आई म्हणाली, "माझ्या लेकीला ऊन लागणार न्हाय." आप्पांनी तेच जरा संस्कृतात सांगितलं, की आमची मुलगी आता असूर्यंपश्या होणार, तिला सूर्यसुद्धा दिसणार नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला तो शब्द फार आवडला होता. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. आईवर मात्र मला रागावता येत नाही. उन्हानं जिला भाजलं तिनं लेकीसाठी सावली मागितली. तिची चूक कुठं धरायची? आता ती नाही.

त्या घराच्या मधोमध एक चौक होता, वरून उघडा. घरातल्या बायकांना मिळायचं ते ऊन तेवढंच. आक्काच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांनी माडी बांधली आणि माडीला खिडकी ठेवली. खिडकीतून चौक दिसतो. झालं. घराची अब्रू वाचवायला आमच्या दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, सबंध चौकावर पत्रे ठोकून घेतले. त्या पत्र्याखाली आक्कानं पाच वर्षं काढली. त्याच पत्र्याखाली तिला मुलगी झाली.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या पौषात दाजींचं आप्पांना पत्र आलं. तुमच्या मुलीच्या डोक्यात बिघाड झाला आहे. ती काम करत नाही, विनाकारण रडते, पोराकडं बघत नाही. कायमची घेऊन जावी, नाहीतर आम्हाला धारवाडचा विचार करावा लागेल. मूल आमच्याकडेच राहील.

धारवाड म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेड्यांचं इस्पितळ तिथं आहे. पोरं एकमेकांना चिडवताना म्हणतात, "ह्याला धारवाडच्या मोटारीत घाला रं." आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि शाळेत गेले. मुलांना गणित घातलं म्हणे. त्यांच्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. मी पिशवी भरली.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. वंटमुरीच्या घाटात ती दमली आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. मीही पदर खोचून लागले. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुम्ही ऱ्हावू द्या." मी म्हटलं, "मला कुणालातरी ढकलायचंच हाय आजोबा, मोटार तर मोटार." म्हातारा हसत हसत बाजूला झाला. काकती मागं पडेपर्यंत माझं मनातल्या मनात भाषण तयार झालं होतं. त्यात आक्काच्या सासूबाई राक्षसीण होत्या.

राक्षसीण दारातच भेटली. उंच, हाडापेरानं मोठी, बोलणं खरबरीत. आक्का त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

"आलीस व्हय? तुझा बाप कुठाय?"

"शाळेत."

"बरं झालं. पुरुष माणूस आलं की सैपाकच वाढतोय. आत जा, बघ तुझ्या बहिणीला. मला तर काय उमजंना झालंय."

आक्का माजघरात भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. मला बघून तिला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. तिनं नुसतं बघितलं, सामान आलं की बघतात तसं. शेजारी तिची मुलगी बसलेली. दोन वर्षं उलटून गेलेली पोर, पण चालत नव्हती. धरून उभी केली की तिच्या पायांची कमान व्हायची.

"आक्का, काय होतंय गं तुला?"

पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "अंगात शिसं वतल्यागत झालंय. कशापायी आलीस? जा."

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "देवऋषी झाला. लिंबू उतरून झालं. अंगारा झाला. आता उद्या डॉक्टरीण येतीया. पोरीच्या पायासाठी बोलिवलीया मी. तुझ्या दाजीला पोरीचंच सांगितलंय, सुनेचं सांगितलं असतं तर आणू दिली नसती." हे ऐकून माझं भाषण थोडं फाटलं, पण मी ते टाकून दिलं नाही. चांगलं भाषण लगेच टाकवत नाही.

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, कानडी. मराठी बोलायच्या जोरात, पण कोणत्याही वस्तूचं लिंग त्यांना मान्य नव्हतं. पोरीचे पाय बघितले, मनगटं चाचपली आणि मग वर बघितलं.

"ही पत्रा कधी बसवली?"

आत्याबाई म्हणाल्या, "पाच सालं झाली."

"आणि ही बाळाची आई? तू ऊठ बघू."

आक्का उठली. ते उठणं मी आधी नीट बघितलंच नव्हतं. तिनं दोन्ही हात जमिनीला टेकले, मग नडग्यांवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर. स्वतःच्याच अंगावर चढत चढत ती उभी राहिली. चालली ती बदकासारखी, ह्या कुशीवरून त्या कुशीवर. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगडीवर अंगठा दाबला, तशी ती कळवळून ओरडली. नडगीवर दाबला, पुन्हा ओरडली. घरातल्यांना वाटत होतं, हात लावला की ओरडते म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे.

"हाडं मऊ झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईची पण, पोरीची पण. हाडात चुना असतो."

"पानाला चुना लावून खाती की ती," आत्याबाई म्हणाल्या.

"खाऊन काय उपयोग? चुना हाडात बसवायला गवंडी पाहिजे ना. ती गवंडी म्हणजे व्हिटामिन डी. ती उन्हातून येते, अंगाच्या कातड्याला ऊन लागली की. पत्र्यातून नाही येत. काचेतून पण नाही येत. तोंड, हात, पाय उघडे टाकून रोज उन्हात बसायची. दूध प्यायची. आणि माशाच्या कलेजीचं तेल लिहून देते."

आत्याबाईंनी विचार केला. "सोमवारी आमच्यात मासं चालत न्हाय."

"मग सोमवारी दुप्पट ऊन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, "आणि तिचं डोकं? ऊन मिळालं की मनसुद्धा ताळ्यावर येईल ना?"

त्या थांबल्या. "हाडाचं मी सांगते. मनाचं नाही सांगत. पाच वर्षं अंग दुखली, अंधारात बसली, तर कुणी पण रडेल. दुखणं जाईल, झोप येईल. कदाचित ह्या व्हिटामिनचा मेंदूशी पण काही संबंध असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही, आणि जो सांगतो मला माहीत आहे, त्याच्यावर तू विश्वास ठेवू नको."

इतकं स्वच्छ बोलणं मी त्याआधी कोणा शिकलेल्या माणसाकडून ऐकलं नव्हतं. आणि मी काय केलं? त्यातला 'कदाचित' गाळला.

बेळगावात मी माझ्या मावशीकडं उतरले होते, त्याच संध्याकाळी तिच्या घरी बसून मी पत्रक लिहिलं. मथळा असा: 'अब्रू कडक, हाडं मऊ'. अजूनही मला तो मथळा चांगला वाटतो. खाली लिहिलं, की शहरातल्या एका गल्लीत पत्र्यानं झाकलेल्या चौकात एक वेडी सून बसली आहे. उन्हावाचून बाई वेडी होते. ऊन द्या, वेड जाईल. नाव कुणाचं घातलं नाही. मला वाटलं, नाव घातलं नाही म्हणजे सभ्यपणा झाला. पण पत्र्यानं झाकलेला चौक बेळगावात एकच होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शनिवारच्या बाजारात मी आणि माझ्या चारपाच मैत्रिणींनी छापून आलेली पत्रकं वाटली. रविवारी एक पत्रक आक्काच्या सासरच्या दाराला भाताच्या शितांनी चिकटवलेलं सापडलं. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं पत्र्यावर खडे मारायला लागली आणि ओरडायला लागली, "येडी सून, येडी सून." तोवर जे कोणी चारचौघांत बोललं नव्हतं ते मी शाईनं छापून वाटलं होतं.

दाजींनी मला निरोप पाठवला की ह्या घराचा उंबरा चढायचा नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही. फाल्गुन लागला की धारवाड. ठरलं.

मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. मला वाटलं होतं त्या माझी बाजू घेतील. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"ही काय?"

"वेडी," मी वाचलं.

"मी म्हटलं होतं?"

"नाही."

"तिच्या सासूनं म्हटलं होतं?"

"नाही."

"मग ह्या गावात पहिल्यांदा कोणी म्हटली?"

माझ्यासारखीला गप्प करणं सोपं नाही, हे मी अभिमानानं सांगत नाही. त्या दिवशी त्या बाईनं मला उभी चिरली आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मी त्यांच्याकडं बाजू मागायला गेले होते आणि त्यांनी मला माझं अक्षर दाखवलं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई मावशीच्या दारात उभ्या. त्या वयानं मोठ्या, त्यांना गोशा नव्हता. डोईवर पदर घेतला की त्या गावभर फिरायच्या. हातात माझं पत्रक. वाचता येत नव्हतं, पण कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार.

"ह्यात माझ्या सुनेला येडी म्हटलंयस व्हय गं?"

"व्हय."

"का?"

"राग आलता."

"राग मला बी येतोय. मी लिवत बसत न्हाय." त्या जोत्यावर बसल्या. मला वाटलं आता शिव्या बसणार. मी तयारही होते. पण त्या म्हणाल्या, "ती डॉक्टरीण काय काय म्हणाली ते आता नीट सांग. तुझं पदरचं घालू नगंस. किती येळ ऊन? कवाचं? सकाळचं का दुपारचं? किती महिनं?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. माघ, फाल्गुन, चैत, वैशाख. "मिरगाच्या पावसापातूर चार महिनं हायत," त्या म्हणाल्या. "बास झालं. आता तू आठ दिस कागुद हातात धरू नगंस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

त्यांनी काय केलं हे मला आक्कानं नंतर सांगितलं. दाजी जेवायला बसल्यावर आत्याबाईंनी पानात पापड वाढला.

"कसा लागतोय?"

"बरा हाय."

"शेजारणीच्या दारात वाळलेला हाय. पाच सालं झाली, माझ्या घरचं सांडगं, कुरडया, पापड परक्याच्या दारात वाळत्यात. पत्र्याखाली वाळवण वाळत न्हाय, बुरशी धरतीया. काल एकजण तोंडावर म्हणाली, ह्या मोठ्या घरात ऊन बी उसनं आणत्यात."

दाजींचा घास थांबला. ऊन उसनं आणतात. घराची अब्रू खिडकीतून जाते हे त्यांना ठाऊक होतं. सांडग्यातूनही जाते हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पत्रं काढली तर खिडकी हाय," ते म्हणाले.

"खिडकीचं मी बघितलंय. त्यास्नी सांगून आलीया. खिडकीवर बाहेरनं तट्ट्या बांधणार हायत. शेजारीण म्हणाली, पाच वरसं उघडून बघितलं तर तुमचा पत्राच दिसतोय, आमाला काय तिचं कवतिक?"

"आणि राखणीला कोण बसणार? कावळी येत्यात."

"मी म्हातारी. मोलकरणीला कामं हायत. सून रिकामी हाय. बसंल."

"तिचं फाल्गुनात धारवाडचं ठरलंय."

"वाळवण हू दे," आत्याबाई म्हणाल्या. "मग बघू."

एवढंच. क्रांती नाही, सभा नाही, मथळा नाही. चार दिवसांत एक गडी येऊन पत्रे उतरवून गेला, बांबूच्या तट्ट्या शेजारच्या खिडकीवर चढल्या आणि आक्का हातात काठी घेऊन चौकात कावळे हाकलायला बसली. तिला कुणी औषध म्हणून बसवलं असतं तर तीच म्हणाली असती, मला काय झालंय. तिला काम म्हणून बसवलं. आमच्याकडं गाद्यांना ऊन दाखवतात, लोणच्याच्या बरणीला दाखवतात, धान्याला दाखवतात. सुनेला ऊन दाखवायचं तर त्याला निमित्त लागतं, आणि ते निमित्त शोधायला अक्षरशत्रू म्हातारीचं डोकं लागलं. मला सुचलं नसतं. मी खिडकीवरच पत्रक लिहिलं असतं.

फाल्गुनात मला बोलावणं आलं: "कुरडयांचा चीक ढवळायला ये. लिवण्यापरीस बरं." दाजींनी बघून न बघितल्यासारखं केलं. चीक ढवळताना माझे दंड भरून आले. आत्याबाईंनी वाळवणाचा नुसता धडाका लावला होता. सांडगे झाले, शेवया झाल्या, कुरडया झाल्या, तीन तऱ्हेचे पापड झाले. एवढं होऊनही उन्हाळा उरला, तेव्हा वाळलेल्या मिरच्या त्यांनी पुन्हा वाळत घातल्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "आत्याबाई, घरात लगीन हाय काय?" दाजी म्हणाले, "आई, एवढं पापड खाणार कोण?" आत्याबाई म्हणाल्या, "तू."

तेलाची बाटली मिळाली तर मिळायची. डॉक्टरीणबाई कुठून तरी आणून द्यायच्या, पुन्हा उंबरा चढायला लागल्या होत्या. आक्का नाक धरून घ्यायची. पोर मात्र चमचा चाटायची आणि आणखी मागायची. आत्याबाई म्हणायच्या, "ही मागल्या जन्मी मांजर हुती."

लगेच काही झालं नाही. हे सांगितलं पाहिजे, कारण मी पत्रकात लगेच होतं असं लिहिलं होतं. सबंध फाल्गुन आक्का काठी मांडीवर घेऊन नुसती बसायची. कावळे तिच्यासमोर सांडगे उचलून न्यायचे. मी मनातून घाबरले. चैत्रात एकदा मी चुलीपाशी होते आणि बाहेरून आवाज आला, "हाड्या. मुडद्या, तुझ्या बानं घातलंय व्हय वाळवण?"

आत्याबाई परातीवरचा हात थांबवून म्हणाल्या, "ऐकलंस? शिवी दिली." त्यांचे डोळे भरले होते. शिवी ऐकून कुणाचे डोळे असे भरलेले मी बघितले नव्हते. त्या आठवड्यात आक्काची बरगडी दुखायची कमी झाली होती, ती पहाटेपर्यंत सलग झोपायला लागली होती. वैशाखात पोर वाळवणाच्या बाजेच्या काठाला धरून उभी राहिली, आणि आक्का एक हात जमिनीला टेकून उठली आणि तिला धरायला गेली. एकच हात. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

एकदा दुपारी आम्ही दोघीच चौकात होतो. आक्का म्हणाली, "धाकले, तुझं पत्रक वाचलं मी."

मी विचारलं, "कवा?"

"दाराला चिकटवलेलं आत्याबाईंनी आत आणलं तवाच. आप्पांनी मला बी लिवायवाचायला शिकिवलंय, इसरलीस काय? मथळा चांगला हुता."

"आक्का, मी..."

"माझ्याबद्दल लिवलंस. मला इचारलं न्हाईस."

मी विचारलं, "मग आता सांग. कसं वाटायचं तुला?"

तिनं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "मी भित्तीत हाय असं वाटायचं. तुम्ही सगळी भित्तीच्या त्या अंगाला बोलताय. पोर रडायची ते मला ऐकू यायचं, पण ती कुणा दुसऱ्याचीच पोर रडतीया असं वाटायचं. आणि उठायचं म्हटलं की हाडं कुरकुरायची. दुखायचं म्हणून रडायची का रडायची म्हणून दुखायचं, मला बी कळायचं न्हाय. तुझ्या डॉक्टरणीला कळतंय काय?"

"ती म्हणती, तिला बी म्हाईत न्हाय."

"मग शानी हाय ती," आक्का म्हणाली आणि एका कावळ्याला काठी दाखवली.

ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणत नाही. मधेच एखादा दिवस यायचा, ती केस सोडून भिंतीकडं तोंड करून बसायची. आत्याबाई त्या दिवशी तिला हाक मारायच्या नाहीत, फक्त तिचा पाट उन्हात सरकवायच्या, ऊन सरकेल तसा. तो पाट सरकवणारा हात मला रोज आठवतो.

मृगाच्या आधी, ज्येष्ठाच्या तोंडाला, आभाळ भरून यायला लागलं. चार महिने संपले होते. वाळवण झालं होतं. मग बघू म्हटलेलं बघायची वेळ आली. मी मुद्दाम त्या दिवशी गेले होते. मला हाकलून दिलं असतं तरी मी उंबऱ्यावर बसले असते. दाजी चौकात आले आणि आईला म्हणाले, "उद्या गडी येतोय, पत्रं बसवायला."

आत्याबाई कुरडया डब्यात भरत होत्या. "मला काय सांगतोस? राखणीला बसती तिला इचार."

वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायची त्या घरात रीत नाही. बोलायचं तर मुलाच्या आडून. दाजी पोरीकडं बघून म्हणाले, "मी म्हणतो, मधी काच बसवूया. उजेड ऱ्हाईल."

आक्का पोरीलाच म्हणाली, "सांग बाबास्नी, काचंतनं उजेड येतोय, व्हिटामिन येत न्हाय."

"पावसात सगळा चौक भिजंल."

"सांग, भिजू दे. मी पुसून घेईन."

ही बाई चार महिन्यांपूर्वी पाण्याचा तांब्या उचलत नव्हती. दाजी तिच्याकडं बघत होते आणि ती वर, उघड्या आभाळाकडं. माझ्याच्यानं राहवलं नाही. "आणि धारवाडचं काय, दाजी?"

"धारवाडला कोण चाललंय?" ते माझ्यावर खेकसले, जणू ते गाव मीच वसवलं होतं. मग आवाज खाली आणून पोरीला म्हणाले, "निम्मंच बसवूया. सैपाकघराच्या अंगाला."

"सांग, चालंल," आक्का म्हणाली.

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. पाठ आमच्याकडंच होती. "आप्पास्नी एक पत्र घालायला पायजे. मागलं फाडून टाका म्हणून. आजच लिवतो."

"तुम्ही नगा." हे तिनं पोरीला सांगितलं नाही. सरळ त्यांना सांगितलं, सासूच्या देखत. "मी लिवते."

आत्याबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. त्या दाजींची दौत घेऊन बाहेर आल्या. उन्हाळ्यात शाई तळाला वाळून बसली होती. त्यांनी तीत दोन थेंब पाणी घातलं, काडीनं ढवळली आणि आक्कापुढं ठेवली.